जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्रि

परमुलखांत जाऊन तेथील मुलांस इंग्रजी शिकविण्याचें काम हल्लीं पुष्कळ ख्रिस्ती तरुण स्त्रीपुरुष स्वेच्छेनें अंगावर घेतात. कोणी तीन महिने राहतो, कोणी वर्षभर. मुलांस गाणीं शिकवितो, चार वाक्यें बोलावयास लावितो, आणि आपल्या देशीं परत जातो. या कामाची कित्येक लोक अतोनात स्तुति करितात, तर कित्येक त्यांत धर्मांतराचा कावा पाहून तें समूळ त्याज्य ठरवितात. आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं निकाल देण्यापूर्वीं, ज्यानें असल्या कामांत आपली उभी हयात घातली अशा एखाद्या मनुष्याचें चरित्र समोर ठेवून पाहावें. तसें चरित्र शोधण्यास फार लांब जावयास नको. जालना शहरापासून थोड्याच मैलांवर तें घडलेलें आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि हें नांव एके काळीं मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत लोकांच्या ऐकण्यांत होतें. आज जालन्याच्या मोंढ्यांत तें किती जणांस ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे. असईच्या मैदानावर १८०३ सालीं वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला, हें शाळेंतील पोरही सांगूं शकतें. ज्यानें त्याच मुलखांत मांगांच्या मुलांस पाटीवर अक्षर काढावयास शिकविलें, त्याची मात्र आठवण नाहीं. इतिहासाचीं पुस्तकें लिहिणाऱ्यांची ही जुनीच खोड आहे.

कोणी म्हणेल कीं शेषाद्रि हे एतद्देशीय ब्राह्मण. त्यांची गोष्ट परमुलखांतील शिक्षकांच्या वर्गांत कशी बसते? परंतु त्या काळचें जालना डोळ्यांपुढें आणावें. मुंबई इंग्रजी अंमलाखालीं होती, जालना निजामच्या राज्यांत. राजा निराळा, कायदा निराळा, कचेरीची भाषा फारसी, आणि नाणेंही निराळें. कलदार रुपया इकडे आणला तर हाली शिक्क्याशीं त्याची मोड करावी लागे, हें व्यापारी वाचकांस सांगणें नलगे. आगगाडी जालन्यास पोंचली ती १९०० च्या सुमारास. त्यापूर्वीं मनुष्य व माल यांस बैलगाडीचाच आधार होता. आणि या सर्वांहून मोठें अंतर म्हणजे ब्राह्मणाच्या ओसरीपासून मांगवाड्यापर्यंतचें. स्कॉटलंडहून आलेल्या पाद्र्यास तें अंतर एका दृष्टीनें कमीच वाटे, कारण तो मुळांतच परका. ब्राह्मणकुळांत जन्मलेल्यास तें ओलांडावयाचें म्हणजे घर, आईबाप व जात हीं सर्व मागें टाकावीं लागत.

शेषाद्रि ज्या शाळेंत इंग्रजी शिकले ती मुंबईंत स्कॉच मिशनऱ्यांनीं काढलेली होती. रॉबर्ट नेस्बिट हे १८२७ सालीं व जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले. विल्सनसाहेबांच्या पत्नी मार्गारेट यांनीं मुलींच्या शाळा काढल्या. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार या अविवाहित बाई १८२७ सालींच आल्या, आणि मुंबईंत व पुढें अहमदनगरास मुलींस शिकवीत १८६२ सालीं याच भूमींत निवर्तल्या. पस्तीस वर्षें! या मंडळींचा मुख्य हेतु धर्मप्रसार हाच होता आणि तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं. परंतु त्यांपैकीं पुष्कळांनीं प्रथम मराठी शिकण्याचे श्रम घेतले, हें विसरतां कामा नये. नेस्बिटसाहेबांचें मराठी बोलणें एतद्देशीयांच्या बोलण्याहून ओळखूं येत नसे, अशी त्यांची ख्याति होती. विल्सनसाहेबांनींही देशभाषेचा कैवार सोडला नाहीं. १८३२ सालीं निघालेल्या त्यांच्या शाळेचाच पुढें विस्तार होऊन मुंबईंतील विल्सन कॉलेज झालें. अशा गुरूंच्या हाताखालीं हा ब्राह्मण विद्यार्थी तयार झाला, आणि १८४३ च्या सप्टेंबरांत नेस्बिटसाहेबांकडून त्यानें बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर मुंबईंत जो गहजब झाला तो थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे. नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या घरीं जाऊन राहिला होता व भावाच्या मागून ख्रिस्ती होऊं म्हणत होता. तो अज्ञान वयाचा होता. वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, आणि कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. हा निकाल योग्य होता असें आमचें स्पष्ट मत आहे. शिक्षक कितीही सद्हेतूचा असो, कोवळ्या मुलाचा धर्म ठरविण्याचा अधिकार त्यास नाहीं. आईबापांनीं ज्या विश्वासावर मूल शाळेंत धाडिलेलें असतें, त्या विश्वासास त्यायोगें बाध येतो. १८३९ सालीं पारशी मुलांच्या धर्मांतरानंतर याच शाळेंतून शेंकडों मुलें आईबापांनीं काढून नेलीं होतीं. त्यांत नुकसान झालें तें विद्येचें.

पण मुलगा घरीं आला, आणि खरी परीक्षा पुढेंच होती. श्रीपतानें ख्रिस्ती झालेल्या भावाच्या पंक्तीस अन्न घेतलें होतें. त्यास जातींत घ्यावें कीं न घ्यावें? दर्पणकार बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें असा पक्ष उचलला, आणि कर्मठ ब्रह्मवृंदानें त्यांच्याविरुद्ध गिल्ला केला. शास्त्रीबुवांनीं तो रोष सोसला, पण पक्ष सोडिला नाहीं. सुधारणेच्या इतिहासांत या प्रकरणास मोठा मान देतात, आणि तो यथायोग्यच आहे. तरी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. श्रीपतासाठीं निदान वाद तरी झाला. त्याच्यासाठीं शास्त्र उघडून पाहणारा एक पंडित तरी निघाला. ज्या मुलांकडे त्याचा थोरला भाऊ पुढें वळला, त्यांना आंत घ्यावें कीं काय हा प्रश्न मुंबईंत, पुण्यांत किंवा जालन्यांत कोणत्याही सभेपुढें आलाच नाहीं. तीं मुलें बाहेर असावयाचीं, हें सर्वांनीं गृहीतच धरलें होतें.

बाप्तिस्म्यानंतर बरींच वर्षें शेषाद्रि मुंबईंत मिशनच्या शाळेंत शिकवीत व उपदेश करीत असत. यथाकाळीं त्यांस पाळकाची दीक्षाही मिळाली. त्यांचें इंग्रजीवरील प्रभुत्व असाधारण होतें. ज्या काळांत मोडकेंतोडकें इंग्रजी लिहितां आलें तरी कारकुनाची जागा चालून येई, त्या काळांत अशा मनुष्यास मुंबईंत राहून प्रतिष्ठेनें दिवस काढणें कठीण नव्हतें. वेतन मिशनचें असो कीं सरकारचें, शहरांतील शिक्षकास वर्ग तयार मिळतो, पुस्तकें मिळतात, आणि शिकलेला मुलगा चार वर्षांत नांव काढितो. हें सारें सोडून १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच ते जालन्यास आले, आणि मरेपर्यंत जालना हेंच त्यांच्या कामाचें ठिकाण राहिलें. म्हणजे पाव शतकाहूनही अधिक काळ.

जालना हें व्यापाराचें गांव. कापूस, धान्य, गूळ यांची मोठी उलाढाल. सोन्याच्या पाळण्याशीं त्याची तुलना करणारी म्हण अजून आपल्या बोलण्यांत आहे. जवळच इंग्रजी छावणी असल्यामुळें साहेब हा प्राणी लोकांस नवा नव्हता. पण विद्येच्या बाबतींत हा मुलूख मागें होता. मराठी बोलणाऱ्या रयतेच्या राज्यांत कचेरी फारसींत चाले, पुढें ती उर्दूंत चालूं लागली. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें तेंही उर्दू माध्यमाचें. वाण्याच्या मुलास पंतोजी मोडी, जमाखर्च, पावकी, निमकी व औटकी शिकवी, ब्राह्मणाचा मुलगा घरीं अक्षर गिरवी. कुणब्याच्या मुलाचें जेमतेम. मांगाच्या मुलाचा विचार करणारें कोणीच नव्हतें.

मांग लोक दोर वळीत, केरसुण्या बांधीत, गांवच्या लग्नांत व जत्रांत वाजविण्याचें काम करीत आणि बलुत्यावर जगत. गांवांत चोरी झाली तर पहिला संशय त्यांच्यावर. त्यांच्या मनांत काय चालत असेल हें जाणण्याची इच्छा असणाऱ्यानें मुक्ता साळवे या मांग मुलीचा १८५५ सालीं ज्ञानोदयांत आलेला मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध पाहावा. ती पुण्यास जोतीराव फुल्यांच्या शाळेंत शिकलेली होती. दोनतीन वर्षें शाळेंत बसलेली पोर असें लिहूं शकते, यावरून जालन्याच्या मांगवाड्यांत किती बुद्धि मातीस मिळत होती याचा अजमास वाचकांनीं करावा.

शेषाद्रींच्या कामास यश आलें तें मुख्यतः याच लोकांत. खेड्यांतील मिशन-शाळेचा दिवस त्या काळीं कसा जाई, हें आजच्या हौशी शिक्षकांनीं समजून घेण्यासारखें आहे. शाळेस बहुधा घर नसे. झाडाची सावली किंवा एखादी पडवी. सकाळीं प्रार्थना, मग धुळाक्षरें, पाटी, बाराखडी, पाढे, आणि शास्त्रांतील एखादी गोष्ट. थोड्या पुढें गेलेल्या मुलानें मागच्यास शिकवावयाचें, कारण शिक्षक एक आणि वर्ग तीन. इंग्रजीचा क्रम शेवटचा, तोही मोजक्या मुलांसाठीं. ज्या मुलास स्वतःच्या भाषेंत आपलें नांव लिहितां येत नाहीं, त्यास इंग्रजी कविता पाठ करावयास लावणें म्हणजे पायाशिवाय माडी चढविणें होय, हें विल्सन व नेस्बिट यांच्या शिष्यास सांगावें लागत नव्हतें. सुगी आली कीं शाळा ओस पडावयाची. कापूस वेंचावयास लहान हात लागतात. तापाची सांथ आली कीं शिक्षकच वैद्य. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गांवोगांव फिरावयाचें, चावडीपुढें उभें राहून बोलावयाचें, कोणी शिव्या देईल त्या ऐकावयाच्या, आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत युरोपांतील मंडळीस अहवाल लिहावयाचा. या अहवालांविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. पैसे देणाऱ्या दूरच्या लोकांस आंकडे हवे असतात. किती शिकले याहून किती बाटले हाच आंकडा त्यांस गोड वाटे. मिशनच्या कामांतला हा दोष तेव्हांही होता, आणि निराळ्या रूपानें तो आजच्या पुष्कळ परोपकारी संस्थांतही दिसतो. फरक इतकाच कीं, आतां मुलांचीं छायाचित्रें धाडितात.

शाळा काढणें हें या कामांतलें सोपें अंग होतें. कठीण भाग त्यानंतरच येई. मांगाच्या घरचा कर्ता मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे देवळापुढें वाजविण्यास तो नाकारी. वाजविणें बंद म्हणून बलुतें बंद. सावकार आंखडे, पाटील डोळे वटारी, आणि पाण्याची अडचण तर पूर्वींपासूनची होतीच. अशा कुटुंबाचें मूल शाळेंत कसें टिकणार? पोटास नाहीं त्याच्या हातीं पाटी फार वेळ राहत नाहीं. हें ओळखून शेषाद्रींनीं निजामचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जालन्याजवळ जमीन मिळविली, आणि तेथें बेथेल नांवाचें गांव वसविलें. बेथेल म्हणजे बायबलाच्या भाषेंत देवाचें घर. येथें चर्च होतें, शाळा होती, विहिरी होत्या, रांगेनें घरें होतीं, आणि शेती व कारागिरी करून लोकांनीं आपल्या पायांवर उभें राहावें अशी योजना होती. ज्या विहिरीवर मांगाच्या घागरीस मज्जाव नाहीं अशी विहीर त्या काळीं त्या मुलखांत किती ठिकाणीं असेल? मुसलमान राज्याच्या दिवाणानें, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणास, मांगांच्या वसाहतीसाठीं जमीन द्यावी, हा प्रकार तर आमच्या इतिहासांत विरळाच म्हटला पाहिजे. सालारजंग हे १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते, आणि राज्याच्या कारभाराची घडी बसविणारे मुत्सद्दी म्हणून त्यांची प्रसिद्धि आहे. पडीक जमीन लागवडीस येत असेल तर ती करणाऱ्याचा धर्म कोणता, याची चिकित्सा त्यांनीं केली नाहीं.

बेथेलविषयीं आमचे आक्षेप नाहींत असें नाहीं. एका धर्माचें, एका मिशनच्या आश्रयाखालचें वेगळें गांव करणें म्हणजे जुन्या गांवकुसाबाहेर दुसरें गांवकूस घालणें, असें म्हणण्यास जागा आहे. आश्रयाची सवय लागली म्हणजे मनुष्य मिशनच्या बंगल्याकडे तोंड करून बसतो. शिवाय शिक्षण, जमीन व पाणी हीं धर्मांतराच्या वाटेवर ठेविलीं म्हणजे ती वाट कितीशी मोकळी राहिली, हा प्रश्न प्रामाणिक ख्रिस्ती मनुष्यासही टाळतां यावयाचा नाहीं. जोतीराव फुले हेही पुण्याच्या स्कॉच मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकलेले. नगरास मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांस स्फूर्ति झाली, आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढिली, पुढें महारमांगांसाठींही काढिल्या. त्यांनीं कोणास बाप्तिस्मा दिला नाहीं कीं स्वतःही घेतला नाहीं. तेव्हां दुसरा मार्ग होता, हें उघड आहे.

पण हा आक्षेप घेण्याचा अधिकार कोणास? जालन्यांत त्या वेळीं पेढ्या होत्या, धर्मशाळा होत्या, अन्नछत्रास हजारों रुपये निघत. त्यांतले कांहीं मांगाच्या मुलाच्या पाटीसाठीं खर्चावे असें आमच्या पूर्वजांपैकीं कोणाच्या मनांत आलें असतें, तर शेषाद्रींशीं बरोबरीनें वाद घालतां आला असता. आमच्या समाजानें त्यांस बाहेर टाकिलें आणि ज्यांस पूर्वींच बाहेर ठेविलें होतें त्यांच्याकडे ते गेले. त्यांनीं धर्म बदलला म्हणून हळहळणारे पुष्कळ आढळतात, परंतु ते गेले तें काम आम्ही कां केलें नाहीं, असें विचारणारे त्यांच्यांत थोडेच.

त्यांच्या इंग्रजीचा उपयोग त्यांनीं कसा केला, हीही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १८७३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें जगांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मोठी परिषद भरली. तीस शेषाद्रि गेले, आणि पांढऱ्या पागोट्यानिशीं व्यासपीठावर उभें राहून त्यांनीं अमेरिकनांपुढें त्यांच्याच भाषेंत भाषण केलें. धर्म बदलला तरी पागोटें बदललें नाहीं. साहेबी टोपी घालणें हीच सुधारणेची खूण समजणारे लोक त्या काळींही होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पागोट्याचें मोल कळतें. तेथील व स्कॉटलंडांतील श्रोत्यांपुढें त्यांनीं बेथेलची गोष्ट मांडिली आणि मदत मिळविली. विवेकानंद शिकागोस गेले त्यापूर्वीं ही वीस वर्षांची गोष्ट. इंग्रजीच्या जोरावर आमच्यांतील बहुतेकांनीं खेड्यांतून शहराची वाट धरिली. शेषाद्रि त्याच इंग्रजीच्या जोरावर न्यूयॉर्कपर्यंत गेले, आणि तेथून जालन्याच्या मांगवाड्यास परत आले. आज जे तरुण परदेशांतून येऊन आमच्या मुलांस इंग्रजी शिकवितात, किंवा आमचे जे तरुण अशाच कामासाठीं दुसऱ्या देशांत जातात, त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस संशय नाहीं. परंतु तीन महिन्यांत मुलांचीं नांवें जेमतेम पाठ होतात. सुगींत शाळा कां ओस पडते हें कळावयास निदान दोन सुग्या पाहाव्या लागतात.

१८९१ सालीं शेषाद्रि वारले. स्कॉच मिशनचें काम त्यांच्या मागें चालू राहिलें. जालन्याचें मिशन हॉस्पिटल हें त्याच कामाचें फळ. धर्मसभांची रचना पुढें अनेकदां बदलली, आणि १९७० सालीं या मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत सामील झाल्या. १९४८ सालीं निजामचें राज्य संपलें, १९८१ सालीं औरंगाबादपासून निराळा होऊन जालना जिल्हा झाला. त्याच्या शाळांत आज मांगाचें मूल कायद्यानें हक्कानें बसतें.

शेषाद्रींचें सविस्तर मराठी चरित्र घरोघर वाचलें जावें अशी आमची इच्छा आहे. तूर्त एक लहान सूचना करितों. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या परदेशी मिशनचीं दप्तरें एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत ठेविलेलीं आहेत. जालन्याच्या शाळांविषयींचे कागद मिळावयाचे तर तेथेंच शोधावे लागतील. जिल्ह्यांतील एखाद्या कॉलेजानें इतिहासाचा एक होतकरू विद्यार्थी या कामीं नेमावा, त्यानें त्या कागदांच्या नकला करून आणाव्या, आणि येण्याजाण्याचा खर्च मोंढ्यांतील व्यापारी मंडळीनें वर्गणी करून द्यावा. एका हंगामाच्या धर्मादायांतून तो सहज भागेल.